परभणी–परळी: पॅसेंजर गाडीने जाताना

प्रत्येक स्टेशनवर थांबणाऱ्या, आरक्षण न लागणाऱ्या आणि साधारण द्वितीय श्रेणीच्या भाड्यात चालणाऱ्या रेल्वेगाडीला पॅसेंजर म्हणतात. परभणी जिल्ह्यातून धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस गाड्या जिल्ह्याला मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू आणि दिल्लीशी जोडतात. जिल्ह्याला स्वतःशी जोडण्याचे काम मात्र प्रामुख्याने पॅसेंजर करते. सिंगणापूर, पोखर्णी, धोंडी, वडगाव निळा, उखळी, पिंगळी, मिरखेल, पेडगाव यांसारख्या लहान स्टेशनांच्या परिसरातील माणसांसाठी रेल्वे म्हणजे हीच गाडी असते, आणि म्हणून तिच्यातून प्रवास करू इच्छिणाऱ्या बाहेरच्या माणसाने तिच्या संथपणाकडे उणीव म्हणून न पाहता तिचे मूळ काम म्हणून पाहणे आवश्यक आहे. या प्रवासाची ओळख करून घेण्यासाठी परभणी ते परळी वैजनाथ हा सुमारे ६५ किलोमीटरचा फाटा सर्वांत सोयीचा आहे, कारण त्यात काळ्या मातीचे सपाट शिवार, गोदावरीचे पात्र आणि बालाघाटाच्या रांगा हे तिन्ही एका सकाळीत पाहायला मिळतात.

या मार्गाचा इतिहास समजला, तर आजच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. मनमाडहून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, पूर्णा, नांदेड असा सिकंदराबादकडे जाणारा मार्ग निजामाच्या राज्यात १८९९ ते १९०१ या काळात ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’ या नावाने टप्प्याटप्प्याने सुरू झाला. हा मार्ग मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांत १,००० मिलिमीटर अंतर असलेला होता. पुढे विकाराबादहून बिदरमार्गे परळीपर्यंत आलेला मार्ग मात्र ब्रॉडगेजचा, म्हणजे १,६७६ मिलिमीटर रुंदीचा होता आणि परभणी–परळी फाटा मीटरगेजचाच राहिला. त्यामुळे अनेक दशके परळी हे दोन मापांच्या रुळांचे संधिस्थान होते. प्रवाशांना तेथे गाडी बदलावी लागे आणि मालाचे प्रत्येक पोते एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत हलवावे लागे. निजामाची रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली, २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, तरी रुळांची ही अडचण तशीच होती. मराठवाड्यातील मार्गांचे रुंदीकरण व्हावे यासाठी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी दीर्घकाळ लढा दिला, आणि १९९०च्या दशकात मनमाड–परभणी–परळी हा मार्ग ब्रॉडगेज झाल्यावरच या भागातून महाराष्ट्राच्या इतर भागांकडे गाडी न बदलता जाणे शक्य झाले. आज नांदेड–पनवेल, नांदेड–बेंगळुरू, कोल्हापूर–धनबाद या गाड्या गंगाखेड-परळी मार्गाने धावतात, ही त्या लढ्याची फळे आहेत, आणि मराठवाड्याच्या विकासाच्या इतिहासात या लढ्याला मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे. १ एप्रिल २००३ पासून परभणीचा समावेश दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात होतो.

पॅसेंजर ओळखण्याची सोपी खूण म्हणजे तिचा पाच आकडी क्रमांक. इंजिन आणि स्वतंत्र डबे असलेल्या पारंपरिक पॅसेंजरचा क्रमांक ५ने सुरू होतो, तर ‘मेमू’ आणि ‘डेमू’ या, वेगळे इंजिन न जोडता डब्यांच्याच संचात विजेची किंवा डिझेलची यंत्रणा असलेल्या गाड्यांचे क्रमांक अनुक्रमे ६ आणि ७ने सुरू होतात. विशेष गाडीचा क्रमांक शून्याने सुरू होतो. हा तपशील वरवर क्षुल्लक वाटला, तरी भाडे त्यावर ठरत असल्याने त्याचे महत्त्व मोठे आहे. मार्च २०२०मध्ये करोनाच्या साथीमुळे पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेक गाड्या ‘विशेष’ म्हणून एक्स्प्रेसच्या भाड्याने धावू लागल्या आणि किमान तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. फेब्रुवारी २०२४मध्ये साधारण भाडे पूर्ववत झाले. पुढच्याच स्टेशनवरच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या बाईच्या दिवसाच्या मिळकतीत या २० रुपयांचे वजन किती असते, याचा विचार केला, म्हणजे साधारण भाड्याची गाडी ही सवलत नसून सार्वजनिक सेवा आहे, हे स्पष्ट होते.

तिकीट स्टेशनच्या खिडकीवर, मोठ्या स्टेशनांवरील स्वयंचलित यंत्रावर किंवा भ्रमणध्वनीवरील अधिकृत अॅपवर मिळते. अॅपवरचे कागदविरहित तिकीट गाडीत बसल्यावर किंवा रुळांच्या अगदी जवळ उभे राहून काढता येत नाही; उपग्रहाद्वारे प्रवाशाचे स्थान तपासून अशी विक्री रोखली जाते, त्यामुळे स्टेशनच्या आवारात शिरण्यापूर्वीच ते काढून ठेवणे शहाणपणाचे असते. १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर, ते काढल्यापासून तीन तासांच्या आत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. म्हणून सकाळीच संध्याकाळच्या गाडीचे तिकीट काढून ठेवणे धोक्याचे ठरते. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अनारक्षित डब्यात अर्धे तिकीट पडते. विनातिकीट सापडल्यास भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड भरावा लागतो. रोज ये-जा करणारे विद्यार्थी, शिक्षक आणि नोकरदार मासिक पास काढतात. हा पास १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी मिळतो.

या मार्गावरील लहान थांब्यांपैकी काही ‘हॉल्ट’ प्रकारचे असू शकतात. हॉल्ट म्हणजे ज्या थांब्यावर गाड्यांच्या नियंत्रणासाठी रेल्वेचा नियमित कर्मचारीवर्ग नसतो आणि तिकिटे बहुधा नेमलेल्या एजंटाकडून विकली जातात, असा थांबा. कोणत्या गाडीला कोठे थांबा द्यावा किंवा चालू ठेवावा, हे ठरवताना रेल्वे तेथील तिकीटविक्री पाहते. म्हणून पोखर्णीला चढणाऱ्याने पोखर्णीच्याच खिडकीवर तिकीट घेणे केव्हाही चांगले, कारण पुढच्या मोठ्या स्टेशनच्या नावावर काढलेले तिकीट त्या गावाच्या हिशेबात कोठेच दिसत नाही.

नव्या प्रवाशाला सर्वांत अधिक अस्वस्थ करते ते गाडीचे मध्येच दीर्घकाळ थांबणे, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा लोहमार्गाच्या रचनेत असते. परळीचा मार्ग एकेरी आहे. एकेरी मार्गावर लगतच्या दोन नियंत्रण-स्टेशनांमधील रुळांच्या तुकड्याला ‘ब्लॉक सेक्शन’ म्हणतात, आणि त्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असावी हा सुरक्षिततेचा मूलभूत नियम आहे. पुढच्या स्टेशनमास्तराने मार्ग मोकळा असल्याची संमती दिल्याशिवाय मागच्या स्टेशनला सुटण्याचा सिग्नल देता येत नाही. समोरून गाडी येत असेल, तर दोघींपैकी एकीला स्टेशनवरील बाजूच्या रुळावर, म्हणजे ‘लूप लाइन’वर, घेतले जाते आणि दुसरी मुख्य रुळावरून निघून जाते, यालाच रेल्वेच्या भाषेत ‘क्रॉसिंग’ म्हणतात. मागून वेगाची गाडी येत असेल, तरीही हाच उपाय करून तिला पुढे काढतात. दोन्ही प्रसंगी थांबण्याची पाळी बहुधा पॅसेंजरवर येते, कारण वेळापत्रकात एक्स्प्रेसला अग्रक्रम असतो. त्यात परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रामुळे, जे १९७१पासून वीजनिर्मिती करत आले आहे, कोळशाच्या लांबलचक मालगाड्यांचा या मार्गाशी जुना संबंध आहे. अशी मालगाडी ब्लॉकमध्ये असेल, तर ती बाहेर पडेपर्यंत इतरांना वाट पाहावीच लागते. जिल्ह्याच्याच पूर्व भागात याच्या उलट स्थिती दिसते. परभणी–मुदखेड या सुमारे ८१ किलोमीटरच्या टप्प्याचे दुहेरीकरण २०२०मध्ये पूर्ण झाल्याने परभणी ते पूर्णा या मार्गावर समोरच्या गाडीसाठी थांबण्याचा प्रश्न उरलेला नाही. परळीच्या फाट्यावरचा उशीर हा कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाचा नसून बहुतांशी एकाच रुळावर सोपवलेल्या कामाचा परिणाम आहे, हे लक्षात घेतल्यास फलाटावरच्या चर्चेचा रोख योग्य ठिकाणी, म्हणजे दुहेरीकरणाच्या मागणीकडे, वळेल.

वेळापत्रकात अंतिम स्टेशनच्या आधी काही राखीव वेळ धरलेला असतो, त्यामुळे वाटेत मागे पडलेली गाडी शेवटी वेळेवर पोहोचू शकते. याचा अर्थ मधल्या स्टेशनवर उतरणाऱ्याने मात्र उशिराची तयारी ठेवावी. गाडी प्रत्यक्षात कोठे आहे हे रेल्वेच्या अधिकृत चौकशी अॅपवर किंवा १३९ या क्रमांकावर कळते.

परभणी जंक्शन सोडल्यावर मनमाडचा मार्ग बाजूला राहतो आणि गाडी दक्षिणेकडे वळते. परभणी हे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे गाव आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाने ज्या शेतीचा अभ्यास केला, तीच शेती खिडकीबाहेर सुरू होते. ही बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली, ओलावा धरून ठेवणारी काळी जमीन आहे. खरिपात सोयाबीन, कापूस आणि तूर, रब्बीत ज्वारी आणि हरभरा, आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी पोहोचते तेथे ऊस अशी पिके दिसतात. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ पाहण्यासाठी उत्तम. कापसाची वेचणी आणि ज्वारीची वाढ एकाच वेळी चालू असते. पोखर्णी येथील नृसिंहाचे देवस्थान पंचक्रोशीत प्रसिद्ध असून स्टेशनच्या नावातही त्या देवाचे नाव आले आहे.

गंगाखेडच्या अलीकडे गाडी गोदावरी ओलांडते, आणि हा या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. पावसाळ्याच्या अखेरीस दुथडी भरलेले आणि मे महिन्यात वाळूच्या पट्ट्यांत विभागलेले हे पात्र पाहताना मराठवाड्याच्या पाण्याचा प्रश्न आकड्यांशिवाय समजतो. पुलावर अनेक प्रवासी हात जोडतात आणि नाणे नदीत टाकतात; मात्र त्यासाठी दारात ओणवे होऊ नये. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. दमा आणि करुंड या दांपत्याची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली, नामदेवांच्या कुटुंबात वाढली आणि दळण-कांडण करता करता तिने रचलेले अभंग मराठी घराघरांत पोहोचले. आजही निझामाबाद–पंढरपूर गाडी याच मार्गाने धावते, त्यामुळे आषाढी-कार्तिकीला जनाबाईंच्या गावातून पंढरीला जाणाऱ्यांची रीघ रेल्वेनेही चालू राहिली आहे. गोदास्नानासाठी आणि अस्थिविसर्जनासाठी येणाऱ्यांमुळे गंगाखेड स्टेशनवर पर्वकाळी मोठी गर्दी असते. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, त्यांनी परळीपर्यंत जाण्याचा आग्रह न धरता येथे उतरावे, घाट आणि जनाबाईंचे मंदिर निवांत पाहावे आणि पुढच्या गाडीने परतावे.

गंगाखेडनंतर सपाटी संपत जाते आणि बालाघाटाचे उंचवटे जवळ येतात. सोनपेठ तालुक्याच्या गावाला स्वतःचे स्टेशन नाही, त्यामुळे त्या तालुक्यातील अनेकांना वडगाव निळा हेच स्टेशन जवळचे पडते. जिंतूर, पाथरी आणि पालम या तालुक्याच्या गावांनाही रेल्वे नाही, तर मानवतच्या लोकांना गावापासून दूर असलेल्या मानवत रोड स्टेशनवर जावे लागते. उखळीनंतर परळी वैजनाथ येते, ते बीड जिल्ह्यात. येथील वैजनाथाला महाराष्ट्रात बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते (झारखंडमधील देवघरलाही हाच मान दिला जातो), आणि आजच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्यादेवी होळकर यांना दिले जाते.

श्रावणातील सोमवार आणि महाशिवरात्र या दिवशी या फाट्यावरील गाड्यांत उभे राहायलाही जागा मिळणे कठीण होते. केवळ प्रवासाचा आनंद हवा असेल, तर हे दिवस टाळावेत. सकाळी परळीकडे जाताना ऊन डाव्या, म्हणजे पूर्वेच्या, खिडक्यांतून येते, म्हणून उन्हाळ्यात उजवी बाजू आणि हिवाळ्यात डावी बाजू सुखाची. परभणीची थंडी अनेकदा एक अंकी तापमानापर्यंत उतरते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पिण्याचे पाणी सोबत असणे अपरिहार्य आहे. लहान थांब्यांवर चहाची टपरीसुद्धा असेलच असे नाही. काही थांब्यांवर फलाट सखल असल्याने डब्याची पायरी उंच पडते. वृद्ध माणसांना उतरवण्यासाठी सोबतच्या व्यक्तीने आधी खाली उतरावे आणि थांबा एखाद्या मिनिटाचाच असल्याने सामान दारापाशी अगोदर आणून ठेवावे. डब्यातील तीन जणांच्या बाकावर चौथ्याला जागा करून देण्याची येथे रीत आहे. बाहेरच्या प्रवाशानेही ती पाळावी, म्हणजे पीक, पाऊस आणि बाजारभाव यांवरील गप्पांत त्याला आपोआप स्थान मिळते.

परतीचा विचार परभणी सोडण्यापूर्वीच करावा लागतो. फाट्यावरील पॅसेंजर गाड्या मोजक्या आहेत, त्यांच्या वेळांत बदल होतात आणि रुळांच्या दुरुस्तीसाठी एखादी फेरी रद्द किंवा अर्ध्यावर समाप्त केली जाते. शेवटची गाडी चुकल्यास परळी आणि गंगाखेड या दोन्ही ठिकाणांहून एसटीने परभणी गाठता येते, मात्र वडगाव निळा किंवा धोंडीसारख्या थांब्यावर संध्याकाळी उतरणाऱ्याने गावातील वाहनाची सोय आधीच विचारून ठेवावी.