आठ खणांचं घर

जुनी माणसं घर खणांत मोजायची. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. आज अशाच खणांनी उभ्या केलेल्या एका परदेशी घराबद्दल आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेत लॉस एंजेलिस इथे रे आणि चार्ल्स ईम्स या जोडप्याने १९४९ मध्ये हे घर बांधलं. महायुद्ध संपलं होतं, घरांची टंचाई होती. कारखान्यात तयार मिळणाऱ्या सामानातून चांगलं घर कसं होतं, हे दाखवायला एका मासिकाने नमुना घरांची योजना काढली होती. त्यातलं हे आठव्या क्रमांकाचं.

एक खण साडेसात फुटांचा. आठ खणांचं राहतं घर. त्यातला शेवटचा उघडा, पडवीसारखा. मध्ये अंगण. पलीकडे पाच खणांची कामाची जागा. काळ्या पोलादी चौकटी. कुठे काच, कुठे पांढरा, लाल, निळा भाग. घर हलू नये म्हणून फुलीसारख्या तिरक्या सळया आहेत, त्याही झाकलेल्या नाहीत. घर कशाच्या जोरावर उभं आहे, ते बाहेरूनच कळतं. वेगळी नक्षी नाही. एकच माप पुन्हा पुन्हा आलं, तीच शोभा.

पहिला आराखडा वेगळा होता. घर पुलासारखं गवताळ जागेवर पुढे येणार होतं. पोलाद यायला उशीर झाला, तोवर दोघं तिथे येऊन बसत. ती मोकळी जागा इतकी आवडली, की त्यांनी घरच टेकडीच्या कडेला सरकवलं. कागदावरची रेघ पुसता येते, भिंत नाही.

रे मूळची चित्रकार. दोघांनी मिळून काम केलं, तरी कित्येक वर्षं नाव मुख्यतः चार्ल्सचंच झालं.

१९५८ मध्ये दोघं भारतात आले. सरकारला दिलेल्या अहवालात त्यांनी आपल्या लोट्याचं कौतुक केलं. पाणी किती मावावं, कमरेवर कसा बसावा, ओतताना तोल कसा राहावा, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून ठरत गेलं, असं त्यांचं म्हणणं.

मैत्रिणींनो, घरकुल मंजूर झालं की बाईला बहुतेक वेळा फक्त रंग विचारतात. आमचं सांगणं एवढंच: पाया खणण्याआधी अंगणात फक्कीने खण आखा. चूल, मोरी, दार यांच्या खुणा करा. भरला हंडा घेऊन त्यातून फिरून बघा. अडलं, तर रेघ तेव्हाच पुसा.