बोहारणीस लुगडें देण्यापूर्वीं

बोहारीण दारीं आली कीं जुनें कापड देऊन भांडें घ्यावयाचें, हा आपल्या घरांतील पिढीजात व्यवहार. अलिबागच्या आमच्या घरीं आजेसासूबाईंचें जरीचें लुगडें आम्हीं असेंच एका पातेल्यावर दिलें. पातेलें अजून वापरांत आहे. लुगडें बहुधा जरींतील चांदीसाठीं भट्टींत गेलें असेल. तें पातेलें हातीं घेतलें कीं आम्हांस आजहि खंत वाटते.

वस्तुतः नऊवारी लुगडें विरतें तें मधल्या अंगांत. पदर व कांठ पुष्कळदां शाबूत असतात. तेवढा भाग आधीं काढून घ्यावा. वीतभर पदराचा सुरेख बटवा होतो. त्यास जुन्या धोतराचें अस्तर द्यावें, म्हणजे ताण विरळ रेशमावर येत नाहीं. कांठाची पट्टी साध्या पिशवीसहि शोभा आणते.

आपल्या किनाऱ्यावर मात्र एक दक्षता हवी. खऱ्या जरीची चांदी दमट हवेंत लवकर काळवंडते. म्हणून बटवा प्लास्टिकांत न कोंडतां मलमलींत गुंडाळून ठेवावा. रेशमी वस्त्रांच्या घड्याहि मधून मधून बदलाव्या. एकाच मोडीवर रेशीम चिरतें.

शेजारच्या चौलांत एके काळीं रेशमी वस्त्रें विणलीं जात. त्या मुलखांतील घरांनीं तरी जुन्या रेशमाचें मोल पातेल्यांत करूं नये. सुटींत हें काम मुलींस आणि मुलांसहि शिकवावें. त्यांच्या हातास टांका येईल. आणि शिवतां शिवतां पणजीचें नांवहि ठाऊक होईल.