सनदी बँकेची एक नोट

1902 मालिकेची वीस डॉलरची नोट, आजच्या डॉलरपेक्षा लांबरुंद आणि घड्यांनी मऊ झालेली, हाती येते तेव्हा तिच्यावरील ह्यू मॅकलक यांच्या चित्राआधी माझी नजर तळाच्या दोन स्वाक्षऱ्यांकडे वळते. कारण वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यातून न कापलेल्या तावांच्या रूपाने एखाद्या दूरच्या खेड्यातील बँकेत आलेला हा कागद तेथील अध्यक्षांनी व रोखपालाने सही केल्यावर आणि कुणी कात्रीने विलग केल्यावरच लोकांच्या हाती पडत असे.

हिंदुस्थानात 1861च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाख्याच्या बँकांचा नोटा काढण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला, आणि अवघ्या दोन वर्षांनी, यादवी युद्धाच्या खर्चाने गांजलेल्या अमेरिकेत, अर्थमंत्री सॅमन चेस यांच्या पुरस्काराने नेमका वेगळा मार्ग निघाला: बँकेने संघराज्याची सनद घ्यावी, सरकारी कर्जरोखे तारण ठेवावेत आणि त्या बळावर स्वतःच्या नावाच्या नोटा चालवाव्यात. बँक बुडाली तरी नोटधारकाचे पैसे सरकार देई. या व्यवस्थेचे पहिले नियंत्रक मॅकलकच.

नोट तिरप्या उजेडात धरावी. कोरीव ठशाची शाई बोटाला किंचित उंच लागते, कागदातील रेशमी तंतू दिसतात, आणि पूर्वी कुणी ती धुऊन दाबली असेल तर तो उठाव मावळलेला असतो. असे धुणे मी नासधूसच मानतो. कारण रबरी शिक्क्याची जांभळी स्वाक्षरी आधीच फिकट होत आलेली असते, आणि ती पुसली गेली की नोटेचा सर्वांत बोलका दस्तऐवज गेला! दर्शनी भागावर छापलेली तारीख बँकेच्या सनदेशी किंवा तिच्या मुदतवाढीशी निगडित असते, नोट प्रत्यक्ष केव्हा बाहेर पडली हे ती सांगत नाही.

जीर्ण नोटा खजिन्यात परत जाऊन नष्ट होत, आणि 1935 साली ही पद्धतच संपली. म्हणून लहान गावांच्या नोटा दुर्मिळ. अशी एखादी मिळाली की मी जुन्या बँकनिर्देशिका उघडतो, सनदेच्या क्रमांकावरून गाव पक्के करतो, आणि ते अध्यक्ष व तो रोखपाल कोणत्या वर्षांत एकत्र अधिकारावर होते ते ताडून नोटेचा काळ ठरवतो.