वॉट किती, आवाज किती?

गणपती जवळ आले की फोंडाघाटच्या बाजारपेठेतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : "हा कितीचा?" किती रुपयांचा, असा त्याचा अर्थ नसतो. किती वॉटचा, असं विचारायचं असतं. जास्त वॉट म्हणजे जास्त आवाज, असा आपला सर्वांचा समज आहे. तो पुरता खोटा नाही, पण त्याच्यावर भिस्त ठेवून पैसे घातले तर ते पाण्यात जाऊ शकतात.

काही वर्षांपूर्वी जवळच्या एका वाडीतल्या मंडळाची मुलं दोन स्पीकर बॉक्स घेऊन आली. डबलबारीच्या भजनांसाठी वर्गणीतून घेतलेले. पहिल्याच कार्यक्रमात पुढच्या रांगांच्या कानठळ्या बसल्या आणि मागच्यांना पखवाज-झांजेच्या गजरात बुवांचे शब्द कळेनात. मुलांनी आवाज वाढवत नेला, तसा तो फाटू लागला आणि बारी संपायच्या आत एका बॉक्सचा ट्वीटर जळला. त्यातला एक मुलगा मला म्हणाला, "काकानू, हेच्यार धा हजार वॉट लिवलेला आसा. मग मागच्या माणसांका ऐकाक कित्याक येणा नाय?"

मी बॉक्स फिरवून मागची पट्टी दाखवली. तिथं बारीक अक्षरांत लिहिलं होतं : वीजवापर ६० वॉट. आता साधा विचार करा. जो खांबावरून ६० वॉट घेतो, तो १०,००० वॉट देणार कुठून? आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज क्षणभर थोडी जास्त मिळेल, पण सलग नाही. काही वीज उष्णतेत जाते. म्हणजे स्पीकरला सलग मिळणार फार तर ४० वॉट.

मग पुढचा तो मोठा आकडा आला कुठून? त्याच्यापुढं 'पी.एम.पी.ओ.' अशी अक्षरं होती. म्हणजे 'पीक म्युझिक पॉवर आउटपुट'. हा आकडा कसा मोजायचा याचं सर्वमान्य मापच नाही, त्यामुळे ज्याला जो वाटेल तो छापतो. आपण पाहायचा तो 'आर.एम.एस.' किंवा सलग शक्तीचा आकडा. फुगवलेल्या आकड्यांचा हा रोग आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत तो इतका बोकाळला की १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं अँप्लिफायरची शक्ती कशी मोजायची आणि जाहिरातीत कशी सांगायची याचा नियम केला. २०२४ साली तो नियम आणखी कडक करावा लागला.

खऱ्या आकड्यासोबतही एक गोष्ट विचारावी : किती ओहमवर? ४ ओहमच्या स्पीकरवर १०० वॉट देणारा अँप्लिफायर ८ ओहमवर साधारण निम्मेच देतो. म्हणून चार स्पीकर समांतर जोडून जास्त वॉट काढण्याचा मोह काहींना होतो. ८ ओहमचे चार स्पीकर असे जोडले की भार २ ओहम होतो, अँप्लिफायर तापतो आणि मग माझ्याकडे येतो.

आता मुख्य मुद्दा. वॉट खरे धरले तरी ते विजेचं माप आहे, आवाजाचं नव्हे. आवाज मोजतात डेसिबलमध्ये, आणि इथं आपला कान वेगळंच गणित करतो. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो. हा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल वाढावे लागतात, आणि त्यासाठी वॉट दहापट लागतात. म्हणजे ५० वॉटचा अँप्लिफायर विकून १०० वॉटचा घेतला, तर पैसे दुप्पट जातील, पण मागच्या रांगेतल्या आजोबांना फारसा फरक कळणार नाही.

दुसरी गोष्ट स्पीकरची. तो मिळालेल्या विजेतली बहुतेक वाया घालवतो. साध्या कागदी कोनाच्या स्पीकरमध्ये शंभर भागांतला जेमतेम एक भाग आवाज होतो, बाकीची उष्णता. म्हणून स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' बघावी : एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल. साध्या बॉक्सची ९०च्या आसपास असते, तर देवळावर लावतात त्या भोंग्याची १०८पर्यंत असू शकते. त्यामुळे २५ वॉटच्या भोंग्याची बरोबरी करायला साध्या बॉक्सला सुमारे १,६०० वॉट द्यावे लागतील, आणि तेवढे दिले तर तो जळेल. भोंगा बोलणं लांब पोचवतो. मात्र पखवाजाची घुमारी त्याच्यातून येत नाही, हेही खरं.

तिसरी गोष्ट अंतराची. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. त्या मुलांचा हिशोब मी वहीवर मांडला. बॉक्सची सेन्सिटिव्हिटी ९०, वॉट ४०, म्हणजे एक मीटरवर १०६ डेसिबल. शेवटची रांग ३२ मीटरवर, तिथं उरतात ७६. चौपट वॉटचा अँप्लिफायर आणला, तर ८२. पण तसाच आणखी एक बॉक्स शेवटच्या रांगेपासून ८ मीटरवर लावला, तर नवे वॉट न आणता तिथं ८८ मिळतात. हा १२ डेसिबलचा फायदा वॉटच्या भाषेत सोळा पटींचा आहे.

त्यात एक काळजी घ्यावी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून २४ मीटर पुढं लावलेल्या बॉक्सचा आवाज मागच्यांना आधी येतो आणि मंचावरचा सुमारे ७० मिलिसेकंदांनी उशिरा. शब्द दोनदा ऐकू आल्यासारखे होतात. आजच्या बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये पुढच्या बॉक्सला तेवढा उशीर लावायची सोय असते. ती वापरावी.

आणि ट्वीटर का जळला? अँप्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेर ताणलं की आवाजाच्या लहरींचे माथे कापले जातात. अशा सपाट झालेल्या लहरींत वरच्या पट्टीची शक्ती फार वाढते आणि ती थेट नाजूक ट्वीटरवर जाते. म्हणून मोठ्या अँप्लिफायरनंच स्पीकर जळतो असं नाही. लहान अँप्लिफायर ताणला तरी जळतो. आवाज फाटू लागला की बटण मागं घ्यावं.

हे सगळं यंत्राचं झालं. आता कानाचं. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तासांहून जास्त राहू नये आणि त्यापुढं दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी धरावी, अशी अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. लक्षात घ्या, वॉट दुप्पट केल्यावर कानाला फरक जेमतेम कळतो, पण कानाची मुदत मात्र निम्मी होते. पुढच्या रांगेत बॉक्सला टेकून बसतात ती बहुधा लहान मुलं असतात. कानातल्या ज्या बारीक केसपेशी एकदा मेल्या, त्या पुन्हा उगवत नाहीत.

कायदाही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज तिच्यावर १० डेसिबलपेक्षा जास्त जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. सरकारनं ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशी १२पर्यंत सूट मिळते. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५च्या निकालात रात्रीचं हे बंधन ठासून सांगितलं. एका टोकाला मोठी भिंत रचण्यापेक्षा श्रोत्यांजवळ लहान बॉक्स लावले, तर हे नियम पाळणंही सोपं जातं.

आपल्या दशावतारातले जुने नट माइकशिवाय देवळापुढचं आवार भरून टाकत. साधं बोलताना माणसाच्या आवाजातली शक्ती एका वॉटच्या लाखाव्या भागाएवढी असते, आणि ओरडून बोलताना हजाराव्या भागाच्या आसपास. त्यांना तेवढं पुरे, कारण माणसं जवळ बसत आणि शांत असत.

त्या मुलांनी ट्वीटर बदलून घेतला, नवा बॉक्स घेतला नाही. असलेल्यांपैकी एक मंचाजवळ आणि दुसरा मंडपाच्या मागच्या भागात उंचावर लावला. पुढच्या वर्षी ती दुकानात आली ती फक्त वायर घ्यायला.