सातारच्या प्रतिसरकारवर बोर्डगेम बनवायचा झाला तर?

बुद्धिबळात समोरच्याचा प्रत्येक मोहरा डोळ्यांसमोर असतो. बंडावरचा गेम बनवायला घेतला, की पहिली अडचण इथेच येते. सरकारला शत्रू दिसतच नाही.

मलकापूरजवळचंच उदाहरण घ्या. ७ जून १९४३ रोजी कराड तालुक्यातल्या शेणोलीजवळ तुफान सेनेनं सरकारी पगाराचे पैसे नेणारी रेल्वे लुटली. आता पोलिसांनी शोधायचं कुणाला? शेतात राबणाऱ्या गड्याच्या अंगावर गणवेश थोडाच असतो!

मग हे पटावर दाखवतात कसं?

वोल्को रुंके यांनी २०१२ मध्ये कोलंबियातल्या संघर्षावर 'अँडियन अबिस' हा गेम आणला. त्यात गनिमाची सोंगटी एकतर भूमिगत असते, नाहीतर उघड. भूमिगत सोंगटीवर सरकारला थेट हल्ला करता येत नाही, आधी फौज फिरवून ती हुडकावी लागते. गनिमानं हल्ला केला, की तो स्वतःच उघडा पडतो.

शिवाय प्रत्येकाचं जिंकणं वेगळं. सरकारला लोकांचा पाठिंबा हवा असतो, बंडखोरांना सरकारविरोध, तर अमली पदार्थांच्या टोळ्यांना पैसा आणि अड्डे.

याच पद्धतीचा 'गांधी' हा गेम २०१९ मध्ये आला. त्यात राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक असे चार पक्ष आहेत.

आता सातारा बघा. १९४२ मध्ये सुरुवात झाली ती कचेऱ्यांवरच्या मोर्चांनी, म्हणजे उघड्या सोंगट्यांनी. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार हुतात्मा झाले. पुढे लढा भूमिगत झाला आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. म्हणजे आपल्या गेममध्ये पहिला नियम हवा: सरकारनं मोर्चावर गोळी चालवली, तर जिल्ह्यातल्या सोंगट्या भूमिगत होतील.

दुसरा नियम न्यायदान मंडळांचा. गावाचा तंटा कोर्टाऐवजी या मंडळापुढे गेला, तर एकही गोळी न झाडता सरकारचा एक गुण कमी.

तिसरा नियम सगळ्यात अवघड. खबऱ्यांना आणि गुंडांना पायावर मार बसायचा. पायाला पत्री ठोकतात अशी बोलवा झाली, त्यातूनच 'पत्री सरकार' हे नाव पडलं. मग गाव गप्प राहिलं ते विश्वासानं की धाकानं? पटावर दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून दोन वेगळे तक्ते लागतील: एक विश्वासाचा, एक धाकाचा. धाक वाढला की खबरा गप्प बसेल, पण रात्री दार उघडून भाकरी देणारं घर मिळेल ते विश्वासाच्या तक्त्यावरच.

आणि हो, कुणीतरी इंग्रजांच्या बाजूनंही खेळायला हवं. ज्याच्या आजोबांनी भूमिगतांना भाकरी पोचवली, त्याच्या हातात फौजदाराची सोंगटी आली तर? गावावर सामुदायिक दंड बसवायचा की नाही, हे त्यालाच ठरवावं लागेल. दंड बसवला तर तिजोरी भरेल, पण पुढच्या डावात त्या गावातून एकही खबर मिळणार नाही.