कुंडी आपणहून पाणी कशी पिते?

सकाळी पाणी घालूनही गॅलरीतली मेथी दुपारच्या उन्हात माना टाकते. तळाशी पाण्याचा साठा असलेल्या कुंडीत मात्र ती टवटवीत राहते. समईची वात तेल वर ओढते, तसंच इथे घडतं. मातीतून साठ्यात सोडलेल्या सुती चिंधीच्या धाग्यांमधल्या बारीक फटींना पाणी चिकटतं आणि वर सरकतं. माती जसजशी सुकते, तसतसं ते चढतं. माती कोकोपीट, शेणखत घातलेली भुसभुशीतच हवी. चिकणमातीत मुळांचा श्वास कोंडतो. जादा पाणी जायला साठ्याच्या वरच्या कडेला भोक ठेवा आणि त्यावर बारीक जाळी नक्की लावा, कारण डेंग्यूच्या डासाची मादी अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालते. जमीन नसलेल्या वस्तीतही अशी सोय केलेल्या दोन बादल्यांत मुलांसाठी ताजा पालक पिकतो. त्यातलं लोह अंगी लागावं म्हणून भाजीवर लिंबू पिळा.