कच्च्या कैद्याची ईद

नागपूरच्या वर्धा रोडवरचे मध्यवर्ती कारागृह १८६४ सालचे. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहातले सत्याग्रहीही नागपूरच्या तुरुंगात गेले. आज इथल्या बराकी क्षमतेपेक्षा जास्त भरल्या आहेत. २०२२ अखेर देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी अनेक जण आतच राहतात.

हजरत युसूफही निर्दोष असून कैदेत होते. गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्यांचा कुरआनात गौरव आहे. जकातीच्या आठ वाटांपैकी एक बंधनातून सुटकेसाठी, एक कर्जबाजाऱ्यांसाठी आहे. सदका तर कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. वाडीतल्या मोहल्ल्यांनी आलिम आणि वकिलाला विचारून एखाद्याचा जामीन भरला, तर त्याच्या घरीही ईद होईल.